फटी

माझं काम फटींचं.
आलेर्सेच्या सालीचा काथ्या वळायचा,
फळीफळीत ठासायचा,
मग वरून डांबर.
चिलोएच्या या बाजूच्या बेटांवर
मी बुजवलेली होडी
कोणी वाकून तपासत नाही.

लिसांद्रोची होडी मीच बुजवली, मे महिन्यात.
उजव्या कुशीची तिसरी फळी.
काथ्या थोडा ओला होता.
संध्याकाळ झाली होती, चुलीवर बटाटे होते,
म्हटलं, चालेल.

जुलैत उत्तरेचा वारा सुटला.
होडी सापडली नाही, तोही नाही.
एक वल्हं तेवढं आलं भरतीबरोबर,
थेट त्याच्या आईच्या शेताच्या बांधापर्यंत.

आमच्याकडे पाद्री येतो वर्षातून एकदा,
कधी तेही नाही.
एरवी प्रार्थना सांगते एर्मोसिना,
तिच्याआधी तिचा बाप सांगायचा.
बेटावरच्या सगळ्या मेलेल्यांना तिनेच वाटेला लावलं.
आता हा तिचाच.
लोक म्हणाले, शेजारच्या बेटावरून कोणाला तरी बोलावू.
ती म्हणाली, "घंटा वाजवा, अंधार पडतोय."

नऊ रात्री.
शवपेटी नाही, म्हणून वेदीपुढे ते वल्हं,
त्यावर त्याचा लोकरी स्वेटर, कोपराला रफू केलेला.
आठ रात्री तिचा आवाज
खुंटाला बांधलेल्या होडीसारखा,
हलायचा, सुटायचा नाही.
मी शेवटच्या बाकावर, दाराशी.
आठ रात्री नुसते ओठ हलवले.

नवव्या रात्री
प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत
रोजची भाकर मागून झाली
आणि ती थांबली.
पुढची ओळ ऋणाची.
आमचं देणं सोड, जसं आम्हीही…
छपरावर पाऊस. कोणी खोकलंसुद्धा नाही.
तिने मान वर केली.
माझ्याकडे पाहिलं की नाही
हे मला आजही सांगता येत नाही.
एवढं कळलं, तिला ठाऊक आहे.
छोट्या बेटावर ओला काथ्याही लपत नाही.

आणि म्हातारा तोरीबिओ,
ठार बहिरा, नेहमी अर्धा शब्द मागे,
त्याला कळलंच नाही सगळे थांबलेत.
डोळे मिटून, घोगऱ्या आवाजात
एकटाच ती ओळ म्हणत गेला,
चिखलात रुतलेली गाडी बैलाने ओढावी तशी,
पार शेवटपर्यंत.
तिने ती त्याच्याकडून घेतली,
शेवटचे दोन शब्द फक्त.
मग सगळ्यांनी.
मला रडू आलं, शब्द नाही आले.

बळ दे, असं मीही मागायचो,
शिडात वारा भरावा तसं.
त्या रात्री आलं ते
एका बहिऱ्याच्या चुकलेल्या तालातून.

वीस दिवसांनी ती माझ्या दारात.
फडक्यात बटाट्याची जाड भाकरी, अजून गरम.
बसली नाही.
"चर्चचं छप्पर गळतंय, वेदीच्या वर.
काथ्या सुका आण."
'सुका' हा शब्द तिने जोरात म्हटला नाही.
हळूही नाही.

आमची चर्चं होड्या बांधणाऱ्यांनीच बांधलेली.
आतून वर पाहिलं की
पालथ्या होडीच्या बरगड्या दिसतात.
दोन दिवस मी त्या बरगड्यांत ठासत होतो,
हातोडीचा आवाज खाली घुमत होता.
उतरताना पाहिलं,
सगळा वेळ शिडी तिने धरली होती.
दोन्ही हातांनी.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला.
वेदी कोरडी.
पण पाणी वाट शोधतंच,
थेंब आता शेवटच्या बाकावर,
नेमका माझ्या जागेवर.
तिने तिथे एक पातेलं ठेवलं
आणि मला म्हणाली,
"पुढे येऊन बस."